माळ्यावरची ती ट्रंक एकदा खाली काढा

एअर फोर्स, नेव्ही, फ्लाइंग क्लब, एअरलाइन, एचएएल, जिथे कुठे जुन्या ब्रिटिश विमानांवर काम करून रिटायर झालेले जे कोणी काका, आजोबा असतील त्यांना, आणि त्यांच्या घरच्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की मी गेली तीन वर्षं एक विमान बनवतोय. घाबरू नका, गच्चीवर वगैरे नाही, कंप्युटरवर, फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे स्क्रीनवर विमान उडवायचं सॉफ्टवेअर असतं त्याच्यासाठी. दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि दीड-दोन तास रिव्हेटच्या रांगा मोजत बसायचं असा कार्यक्रम आहे, बायको याला "तुझी दुसरी नोकरी, बिनपगारी" म्हणते आणि त्यात खोटं काहीच नाही. विमानाचं नाव शॉर्ट सीलँड. ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, चांगल्या चांगल्या विमानवेड्यांनाही हे नाव घेतलं की जरा आठवावं लागतं.

बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीनी बनवलेलं, दोन इंजिनांचं, पाण्यावर उतरणारं आणि चाकं खाली काढली की धावपट्टीवरही उतरणारं छोटंसं विमान. २२ जानेवारी १९४८ ला पहिल्यांदा उडालं. एकूण बनली किती, तर पंचवीसच्या आसपास. आणि त्यातली दहा घेतली कुणी? आपल्या नेव्हीनी, १९५३ साली. म्हणजे आपल्या नौदलाची हवाई शाखा कोचीला सुरू झाली ती या विमानावर, आणि हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल देव जाणे. आज जगात तीन उरलीत, एक उत्तर आयर्लंडमध्ये, एक बेलग्रेडला, आणि तिसरं आपल्या गोव्यात, बोगमाळोला नेव्हीच्या म्युझियमच्या आवारात, उघड्यावर.

मी तिथे चार वेळा गेलोय. घरचे बीचवर आणि मी सीलँडपाशी अशी आमची गोव्याची ट्रिप असते. पहिल्या वेळी मोजमाप कशानी घ्यायचं तेच सुचलं नव्हतं, मग मुलाला विमानाच्या रेषेत सरळ उभा केला आणि लांबून फोटो काढले, त्याची उंची तेव्हा चार फूट दोन इंच, तोच माझा स्केल. घरी येऊन त्या हिशोबानी खिडक्या, चाकं, फ्लोट सगळं मापून काढलं. पुढच्या वर्षी परत गेलो, परत फोटो काढले, आणि घरी आल्यावर माप काही केल्या जुळेना, दोन रात्री डोकं धरून बसलो तेव्हा ट्यूब पेटली की स्केल साडेतीन इंचांनी वाढलाय.

तर सांगायचा मुद्दा, बाहेरचं विमान असं कसंतरी जमतं. फोटो मिळतात, तीन बाजूंची ड्रॉइंग्ज जुन्या मासिकांमधून मिळतात, ब्लेंडर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात आकार काढायचा, मग त्याच्यावर रंग चढवायचा, घासलेलं, गंजलेलं, तेल गळलेलं सगळं दाखवायचं. रंगाची पण एक गंमत आहे. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंमध्ये जी एक प्रकारची फिल्म असायची तिच्यात पिवळा रंग काळपट दिसतो आणि निळा फिका, त्यामुळे फोटो बघून रंग ठरवायला गेलात तर फसलात. पण तेही निभावतं.

अडतं ते पुढे. विमान दिसतं कसं याचे पुरावे आहेत, ते वागायचं कसं याचे नाहीत.

सिम्युलेटरला प्रत्येक विमानाची एक फाइल लागते, तिच्यात शेकडो आकडे भरायचे असतात. रिकामं वजन किती, ते कुठे एकवटलंय, आडवं वळायला किती जड, नाक उचलायला किती जड, किती वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंखांना हवा उचलेनाशी होते, आणि होताना आधी थरथरतं की सरळ एक पंख टाकतं, पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, सोडले की नाक वर जातं की खाली. एखादा आकडा माहीत नसला तर आपण अंदाज करतो, आणि असे पन्नास अंदाज एकत्र आले की विमान उडतं खरं पण ते सीलँड राहत नाही, सीलँडचे कपडे घातलेलं दुसरंच कुठलं तरी विमान होतं. आमच्या हौशी मंडळींमध्ये हा रोग फार आहे हो, मी पण त्यातलाच. रंग बघाल तर बघत राहाल, आणि हवेत गेलं की नुसती मातीची वीट.

ब्रिटिश विमानं तर या बाबतीत विशेष खोडकर. सिम्युलेटर सगळा अमेरिकन वळणाचा आणि यांचं सगळंच उलटं. अमेरिकन इंजिनाचा बूस्ट, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचात, यांचा पौंडात. ब्रेक आपल्याला वाटतो पायानी दाबायचा, यांच्या कितीतरी विमानांत तो हातात, दांड्यावरच्या लिव्हरला, आणि पायानी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, ज्या बाजूला द्याल त्या बाजूचं चाक धरणार. टायगर मॉथला तर ब्रेकच नाही, शेपटीखाली चाकसुद्धा नाही, नुसती पट्टी घासत जाते. आणि त्याचा पंखा फिरतो उलटा, म्हणजे कॉकपिटमधून बघितलं तर डावीकडे, त्यामुळे टेकऑफला बहुतेक अमेरिकन विमानं डावीकडे ओढतात तिथे हे थोडं उजवीकडे जातं. तुमच्यापैकी जे फ्लाइंग क्लबात टायगर मॉथवर शिकले त्यांच्या पायाला हे अजून आठवत असेल, मला ते कळायला एक अख्खा पावसाळा लागला.

आणि गॅलन! माझी सगळ्यात मोठी फजिती गॅलननी केली. सीलँडच्या आधी मी हात बसावा म्हणून पस मॉथ करायला घेतलं होतं. पस मॉथ म्हणजे तेच, जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आणलं ते. हे विमान केलं तर ती फ्लाइट मारायलाच हवी ना. तर सगळं सेट केलं, पहाटे कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघालो, समोर छोटासा नकाशा, होकायंत्र, बाकी काही नाही, मस्त चाललं होतं, आणि कच्छच्या रणावर इंजिन फुस्स. परत केलं, परत तिथेच. कार्ब्युरेटर बघितला, मिश्रण बघितलं, आठवडाभर शोधलं. भानगड एवढीच की पुस्तकातला इंधनाचा आकडा इंपिरियल गॅलनमध्ये होता, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर, आणि सिम्युलेटरची फाइल समजत होती अमेरिकन गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या जरासा वर. सहावा हिस्सा पेट्रोल मी कराचीतच सोडून आलो होतो. जे.आर.डीं.नी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तीच फ्लाइट लेपर्ड मॉथमधून पुन्हा केली होती, आणि मी चाळिशीत खुर्चीत बसून, शेजारी चहा ठेवून, दोनदा रणात उतरलो.

आता तुम्ही म्हणाल, विमानं ब्रिटिश आहेत तर ब्रिटिशांना विचार ना बाबा, आम्हाला कशाला पत्र. विचारतो की. तिकडे हौशी मंडळी खूप आहेत, चांगली आहेत, त्यांची म्युझियम आहेत, हेंडन, कॉसफर्ड, डक्सफर्ड, ओल्ड वॉर्डनला तर पार तीसच्या दशकातली विमानं अजून उडवतात. मला या वेडाची लागणच तिकडच्या एका विमानानी झाली. २००३ साली जो सिम्युलेटर आला होता त्यात डी हॅविलँडचं लाल कॉमेट होतं, डीएच ८८, १९३४ च्या मिल्डनहॉल ते मेलबर्न शर्यतीत पहिलं आलेलं. त्या शर्यतीत सगळ्यांना जिथे उतरावंच लागायचं त्यात अलाहाबाद होतं हे वाचलं आणि मी कॉलेजच्या सबमिशन्स सोडून बगदाद ते अलाहाबाद उडवत बसलो. तर ते विमान आजही आहे, ओल्ड वॉर्डनला आहे, जाऊन बघता येतं.

पण त्यांच्याकडे सुद्धा भोकं आहेत, आणि मोठी आहेत. हँडली पेज ४२ घ्या, चार इंजिनांचं दोन मजली पंखांचं अवाढव्य धूड, इंपीरियल एअरवेजचं, कैरोहून कराचीपर्यंत यायचं. आठ बनली, आज एकही नाही. शॉर्टच्याच एम्पायर फ्लाइंग बोट, बेचाळीस बनल्या, कराचीहून ग्वाल्हेरच्या तलावात उतरायच्या, तिथून अलाहाबाद, तिथून कलकत्ता. एकही नाही. ब्रॅबझॉन नावाचं अवाढव्य प्रवासी विमान एकच उडालं, १९५३ ला भंगारात काढलं. टीएसआर-२ हे बॉम्बर जेट तर १९६५ ला रद्द केलं आणि ते ज्या साच्यांवर जोडायचे ते साचेसुद्धा तोडून टाकले. एवढी हौस करणारा देश आणि ही गत. आपणही काही कमी नाही म्हणा, आपली जुनी विमानवाहू बोट विक्रांत दारुखान्यात तुटताना मुंबईनी बघितलीच.

आणि आता खरं कारण सांगतो तुम्हाला पत्र का. काही ब्रिटिश विमानं अशी आहेत की ती बनवली त्यांनी, पण वापरली आपण. नॅट घ्या. ब्रिटनच्या एअर फोर्सनी एकटा पायलट बसतो ते लढाऊ नॅट स्क्वाड्रनमध्ये कधी घेतलंच नाही, त्यांनी घेतलं ते दोन सीटचं ट्रेनर, रेड अ‍ॅरोजनी कसरतींना वापरलं ते. फायटर नॅट थोडी फिनलंडला गेली, दोन युगोस्लाव्हियाला, आणि बाकी सगळी आपल्याकडे, बंगळूरला एचएएलनी दीडशेच्या वर बनवली, पासष्ट आणि एकाहत्तरला लढली. बोटीवरून उडणारं सी हॉक जेट घ्या. रॉयल नेव्हीनी आपल्या बोटींवरून ती १९६० च्या सुमारास उतरवली, आपण ऐंशीच्या दशकापर्यंत उडवत होतो. कॅनबेरा बॉम्बर आपल्याकडे १९५७ ला आली आणि २००७ ला गेली, पन्नास वर्षं. मग या विमानांबद्दल सगळ्यात जास्त कुणाला माहीत असणार? इंग्लंडातल्या कुठल्या काचेच्या कपाटाला नाही. विश्रांतवाडीत, टिंगरेनगरात, कोचीत, वास्कोत, बंगळूरात संध्याकाळी मफलर गुंडाळून फेरी मारायला निघणाऱ्या माणसांना. तुम्हाला.

मला हे कळलं ते आमच्याच सोसायटीतल्या एका काकांमुळे. एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, कॅनबेरावर बरीच वर्षं काढलेली, लोहगावला पण होते. आम्ही एकमेकांना फक्त पार्किंगच्या भांडणातून ओळखत होतो. एकदा मेंटेनन्सचा चेक द्यायला घरी आले तर स्क्रीनवर कॅनबेरा उभं होतं, दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, मी विकत घेतलेलं. दारातच थांबले. "हे कुठलं रे?" म्हणाले. म्हटलं काका बसा, इंजिन चालू करून दाखवतो. चालू केलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, आणि मान हलवली, "चूक आहे."

मग पाऊण तास उभ्या उभ्या सांगत होते, चेक हातातच. तिचं इंजिन कार्ट्रिजनी चालू व्हायचं, म्हणजे मोठ्या फटाक्यासारखं काडतूस, आधी तो फुटल्याचा दणका आणि किंचाळल्यासारखा आवाज, काळ्याकुट्ट धुराचा लोट, नवीन आलेली पोरं आग लागली म्हणून पळायची, आणि तो आवाज विरता विरता मागून इंजिनची शिट्टी हळूहळू वर चढायची. माझ्या स्क्रीनवरचं इंजिन आत्ताच्या एअरबससारखं सभ्यपणे चालू होत होतं. पायलट डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटात बसायचा, नेव्हिगेटर बिचारा पुढे नाकात, बॉम्ब टाकायच्या वेळी पालथा झोपून, आणि पायलटला इजेक्शन सीट होती पण त्याला नव्हती, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. मी विषय बदलला.

जाताना म्हणाले, "माझ्याकडे एक वही आहे. इन्स्पेक्शनची." ती वही! दोनशे पानी, पुठ्ठ्याची, निळ्या शाईत, इंग्रजी आणि मराठी मिसळलेलं. कुठला पॅनेल उघडायला किती स्क्रू, कुठला स्क्रू नेहमी अडकतो, कुठल्या पाइपचा जॉइंट गळतो, टायरला हवा किती, पावसाळ्यात काय बघायचं. कुठल्याही छापील मॅन्युअलमध्ये "हा बोल्ट नाटकी आहे" असं लिहिलेलं नसतं. या वहीत आहे. मी पानन् पान स्कॅन केलं, त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून, दोन रविवार, काकूंनी दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी केली.

आणि आता दुसरी गोष्ट, जी आठवली की मला अजून चुटपूट लागते. डोंबिवलीला माझ्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा होते, नेव्हीतून रिटायर झालेले, सुरुवातीची नोकरी कोचीला. मावशी सहज बोलता बोलता म्हणाली की ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर होते म्हणे. पाण्यावर उतरणारं, कोची, पन्नासचं दशक, म्हणजे सीलँडच की हो. मी उडालोच. भेटायला जायचं ठरवलं, मग ऑफिसचं रिलीज आलं, मग गणपती, मग दिवाळी, जानेवारीत गेलो तर आजोबा नोव्हेंबरात गेले होते. मुलं परदेशात, येऊन सगळं आवरून फ्लॅट रंगवायला दिलेला. वॉचमन म्हणाला दोन पोती कागद निघाले होते, रद्दीवाल्याला दिले. फोटो पण होते का, विचारलं. होते म्हणाला, काळे-पांढरे, जुने. रद्दीवाल्याकडे गेलो, माल केव्हाच पुढे गेलेला. मुलांना मी काय बोलणार, त्यांना थोडीच माहीत होतं की त्यांच्या वडलांच्या ट्रंकेत असलेली गोष्ट जगात आणखी दोन-चार ठिकाणी असली तर असेल. चूक माझीच, मी सप्टेंबरात जायला हवं होतं. म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय आणि सगळ्यांना लिहितोय.

काही जण म्हणतील, हे सगळं एका व्हिडिओ गेमसाठी? एका आजोबांनी मला फोनवर हेच विचारलं, आणि जरा रागानीच विचारलं. मी त्यांना म्हटलं, आजोबा, तुम्ही लिंक ट्रेनरमध्ये बसला होतात का? निळ्या लाकडी डब्यासारखं ते यंत्र, पंख छोटे छोटे, झाकण बंद केलं की आत अंधार आणि समोर डायल, जमिनीवरच बसून ढगात उडायला शिकवायचं. हसले. म्हणाले त्यात मला उलटी झाली होती. मग म्हटलं हे त्याचंच नातवंड आहे. खरंच सांगतो, सीलँड आता कधीच उडणार नाही, बोगमाळोचं तर नाहीच नाही, खारं वारं खातंय बिचारं. नवीन पोराला ते उडताना बघायचं असेल, किंवा लाटेवर आपटत आपटत पाण्यातून सुटताना काय होतं ते स्वतःच्या हातात अनुभवायचं असेल, तर जागा एकच उरलीये.

तर ट्रंक खाली काढा. सापडेल त्यातलं काय कामाचं ते सांगतो, कारण घरच्यांना बरेचदा वाटतं की मेडल आणि युनिफॉर्म तेवढं महत्त्वाचं. ते जपाच, पण मला हवं ते बाकीचं. पायलट्स नोट्सची छोटी पुस्तकं, एअर मिनिस्ट्रीची, कव्हरवर ए.पी. आणि पुढे नंबर असा छापलेला असतो, ती मिळाली तर सोनं, आणि त्यातही समासात पेन्सिलनी काही खरडलेलं असेल तर छापलेल्या मजकुरापेक्षा ते खरं, कारण पुस्तकात कंपनीला काय वाटतं ते असतं आणि समासात विमान काय करतं ते. लॉगबुक, म्हणजे कधी निघालो, कधी पोचलो, किती तास, त्यावरून खरा वेग काढता येतो. फोटो, आणि कृपा करून फक्त चांगले फोटो निवडून ठेवू नका, हललेले, अर्धवट, कुणाचं तरी डोकं कापलेले पण ठेवा. मागे हँगरमध्ये पॅनेल उघडून ठेवलेलं विमान दिसत असतं आणि पुढे चार मित्र गॉगल लावून उभे असतात, तुमच्यासाठी ते मित्र, माझ्यासाठी ते पॅनेल. एका मावशींनी मला नवऱ्याचे तरुणपणीचे फोटो पाठवले, "हे किती देखणे दिसायचे बघ" म्हणून, आणि मी त्यांना उलट विचारलं की मागच्या चाकाचा अजून जवळचा एखादा आहे का. त्या अजून ऐकवतात.

आणि कागद काहीच नसला तरी तुम्ही स्वतः आहात. नातवाला सांगा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेव आणि समोर बस. त्यानी कुठलाही साधा प्रश्न विचारला तरी चालेल. सकाळी ड्यूटीवर गेल्यावर विमानाला पहिला हात कुठे लावायचा? कुठला आवाज आला की पोटात गोळा यायचा? उतरताना काय विसरलं की शिव्या बसायच्या? नॅटवाल्यांना तर माझा खास प्रश्न आहे. त्याची चाकं हवेत अर्धवट खाली सोडली की तीच एअरब्रेकचं काम करायची असं वाचलंय, तर त्या वेळी नाक कुठे जायचं, दांडा किती दाबून धरावा लागायचा? गंमत बघा, पस मॉथमध्ये पण तेच, चाकांच्या पायांवरची आवरणं नव्वद अंशात फिरवायची की वारा अडून विमान मंद. पंचवीस वर्षांचं अंतर, एक ताशी शंभर मैलांचं, दुसरं जेट, आणि दोघांची युक्ती एकच, वेग कमी करायचा तर पाय आडवे घाला. ब्रिटिश इंजिनिअर काटकसरी खरे.

काही जणांना शंका येईल, हे गुप्त तर नाही ना. रास्त शंका आहे. ज्याच्यावर तसा शिक्का असेल, किंवा तुमच्या मनाला नको वाटत असेल, ते मला देऊ नका, दाखवू पण नका, मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. मला कुठलं स्क्वाड्रन कधी कुठे होतं यात रस नाही. मला रस आहे तो थ्रॉटलचा दांडा किती घट्ट होता यात.

आणि आमच्या बाजूनी पण बोलायला हवं, कारण आमच्यातल्या काही लोकांनी तुमच्यातल्या काही लोकांना त्रास दिलाय हे मला माहितीये. वही घेऊन गेले ते आणलीच नाही, फोटो घेतले आणि खाली नाव दुसऱ्याचंच, फुकट घेतलेल्या माहितीवर विमान बनवून विकलं आणि ज्याची माहिती त्याला साधा फोन नाही. असल्या माणसांमुळे एका काकांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं, आणि मला त्यांचा राग आला नाही. तर माझ्यापुरतं सांगतो. मूळ कागद मी घराबाहेर नेत नाही, स्कॅनर घेऊन मीच येतो, तुमच्या समोर करतो, त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर तुम्हाला देऊन जातो, म्हणजे माझं विमान झालं नाही झालं तरी तुमचं काम तरी होतं. विमान फुकट देणार, विकणार नाही. आणि विमानाच्या माहितीच्या पानावर तुमचं नाव येईल, नको असेल तर नाही येणार. कॅनबेराच्या काकांना नाव नको होतं. त्यांना फक्त तो धूर बरोबर हवा होता, त्यावर आम्ही सात वेळा काम केलं. "अजून काळा कर" एवढंच म्हणायचे. सातव्या वेळी काही बोलले नाहीत, परत एकदा चालू कर म्हणाले.

सीलँडचं सांगायचं तर बाहेरून बरंचसं झालंय. कॉकपिट निम्मं. इंजिनाच्या आवाजाचा मार्ग सापडलाय, कारण त्याच घराण्यातलं जिप्सी क्वीन ७० इंजिन डी हॅविलँडच्या डव्ह विमानाला होतं, आणि डव्ह आपल्याकडे एअर फोर्समध्ये, नेव्हीत डेव्हन या नावानी भरपूर होती, म्हणजे डव्ह-डेव्हनवाल्या काकांनो, तुम्ही पण या पत्रात आलात, सुटला नाहीत. पाण्यावरचं वागणं अजून साफ चुकीचं आहे. वेग घेताना ते माझ्याकडे बेडकासारख्या उड्या मारतं, आणि खरं विमान तसं करायचं की माझाच आकडा चुकलाय हे सांगणारं कुणी नाही.

कोचीला, पन्नास-साठच्या दशकात, सीलँडवर काम केलेलं किंवा त्यात नुसतं बसलेलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या घरात असं कुणी असेल, आता नव्वदीत असतील, तर मला कळवा, मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनी निघतो. आणि तब्येतीमुळे भेटणं जमणार नसेल तर एकच विचारून ठेवा. फाइलमध्ये एक आकडा लागतो, चाकं पूर्ण वर जायला किती सेकंद लागायचे. मी बारा टाकलेत. अंदाजानी.

आपला,
सीलँडवाला, पुणे